दोऱ्याची खळ

आमच्या मुलुंडच्या घरात त्या दिवशी जे झालं, ते आठवलं की अजून माझी मलाच लाज वाटते.

वर्षभरापासून मला बॉबिन लेसचं खूळ लागलं होतं. उशीवर टाचण्या टोचायच्या, लाकडी बॉबिनांवर दोरा गुंडाळायचा आणि ते दोरे एकमेकांवरून टाकत जाळी विणायची. मोबाइलवर बघून शिकले. पण बाजारातला सुती दोरा मेला असा केसाळ, की दोन बोटं विणलं की गुंता! माझी चिडचिड ऐकून सासरे म्हणाले, "सुताक खळ दी गो. मगे बघ." त्यांचा जन्म गिरणीत सुताला खळ देण्यात गेलेला. ह्यातलं त्यांना नाही कळणार तर कोणाला?

खळ म्हणजे काय, तर तांदळाच्या कण्या भरपूर पाण्यात शिजवायच्या, गाळायच्या, त्यात दोऱ्याच्या लडी बुडवून ताणून वाळवायच्या. तेवढंच केलं असतं तर काय बिघडलं असतं? पण माझं शहाणपण आडवं आलं ना! खळ दिलेल्या दोऱ्याला झुरळं लागतील, म्हणून मी त्यात दोन चमचे बोरिक पावडर ढवळली. टोप ओट्यावर निवत ठेवला आणि लडी वाळवायला दोरी बांधायची म्हणून गच्चीवर गेले. कोणाला एका शब्दानं सांगितलं नाही.

खाली आले तर सासरे टेबलाशी बसलेले. पुढ्यात रिकामा वाडगा, बाजूला लोणच्याची फोड.

"बरी झाली गो पेज," म्हणाले.

मी ओट्याकडे धावले. टोपात बघितलं, तळाशी जेमतेम डावभर उरलेलं.

"अहो बाबा, ती दोऱ्याची खळ होती! विष घातलंय त्यात मी!"

केवढ्यानं ओरडले मी! शेजारीण धावत आली. तिनंच रिक्षा बोलावली. रिक्षात सासऱ्यांना दोनदा ओकारी झाली, आणि मी त्यांची पाठ चोळता चोळता त्यांनाच झापत होते, "भूक लागली होती तर हाक नाही मारायची?" तोंड काही थांबत नव्हतं. हॉस्पिटलात डॉक्टरांनी विचारलं, दोन चमचे म्हणजे चहाचे की जेवणाचे? मला आठवेचना. खरंच आठवेना. नवरा ऑफिसातून आला आणि माझ्याकडे न बघता थेट बाबांच्या खाटेशी जाऊन बसला. त्यानं शिव्या घातल्या असत्या तर परवडलं असतं.

संध्याकाळी डॉक्टर म्हणाले, धोका नाही, पण रात्रभर इथेच ठेवू. माझ्या जिवात जीव आला आणि राग परत उसळला.

"बाबा, जन्मभर खळ ढवळलीत. तुम्हालासुद्धा कळू नये?"

"मीठ नाय होता," ते हळूच म्हणाले. "कळला माका, कायतरी चुकलासा. पण तुझी सासू गेल्यापासून घरात पेज झालीच नाय. म्हटला, पोरीन पयल्यांदाच माझ्यासाठी केल्यान, नावां कशाक ठेवू? म्हणान सगळी खाल्लंय."

सासूबाईंना जाऊन तीन वर्षं झाली होती. तीन वर्षांत मी एकदाच कण्या शिजवल्या, त्याही दोऱ्यासाठी.