ईस्टरचं पाणी गोठलं

पडदा वर जातो तेव्हा रंगमंचावर एक तांबडी, गंजलेली गाडी. पुढे ओंडक्यांनी लादलेला ट्रक, दोन्ही अंगांना बर्फाचे बांध, आणि समोरून थेट डोळ्यांत घुसणारं जानेवारीच्या सकाळचं ऊन. स्टिअरिंगवर रेजान, वय एकोणऐंशी. शेजारच्या सीटवर मी, मांडीवर कानाच्या यंत्राची डबी घेऊन. ते यंत्र दुरुस्त करायला आम्ही जवळच्या शहरात, कापुसकेसिंगला निघालो होतो.

गावातल्या आमच्या नाटकमंडळीत मी राजे झालो, सावकार झालो, शेकडो वेळा मेलो आणि उठून टाळ्या घेतल्या. रेजान कधीच उजेडात आली नाही. ती पडदा ओढायची. एकदा मरताना मी जरा जास्तच रेंगाळलो, तर बाईनं सरळ पडदा टाकला आणि आत येऊन म्हणाली, "नटवर्य, लोकांना सकाळी गिरणीत कामाला जायचंय."

रागीट तर ती पहिल्यापासूनच. आम्हा फ्रेंच बोलणाऱ्यांच्या शिव्या आईबहिणीवरून जात नाहीत. त्या जातात चर्चच्या वेदीवरून. तिथला चषक, तिथली प्रसादाची पेटी, प्रसादाची चकतीसुद्धा, सगळं आम्ही रागात तोंडात घेतो. रेजानचा थाट असा, की दर शनिवारी चर्चमध्ये जाऊन ती हीच भांडी घासूनपुसून लख्ख करायची आणि सोमवारपासून त्यांच्याच नावानं शंख करायची. पाद्रीबाबांनी एकदा हटकलं, तर म्हणाली, "घासते कोण? मी. मग वापरते पण मीच."

तर त्या सकाळी ट्रकच्या चाकांनी मिठाचा राबडा उडवला आणि आमची अख्खी काच तपकिरी झाली. आमच्याकडे हे रोजचं. दांडी ओढायची, वॉशरचं न गोठणारं निळं पाणी उडतं, वायपर फिरतो, जग परत दिसतं. रेजाननं दांडी ओढली. बॉनेटखाली मोटर घुंऽऽ करत राहिली आणि काचेवर थेंब नाही. वायपरनं तो राबडा शेणासारखा सारवला. त्यावर ऊन पडलं आणि पुढचं काहीही दिसेना.

"ताबर्नाक!" ही प्रसादाची पेटी. तिनं खिडकी खाली केली, डोकं बाहेर काढलं, मफलर फडफडतोय, अश्रू गालांवरच गोठताहेत, आणि त्या अवस्थेत बाईनं गाडी हळूहळू कडेला घेतली. पुढचं चाक बर्फाच्या बांधात रुतलं. बस, एवढंच झालं. मला खरचटलंसुद्धा नाही. माझ्या तरुणपणी पडदा याहून जोरात आदळायचा.

तिचा मुलगा नोर्माँ हायवेवरचा बर्फ सारायचं आणि मीठ टाकायचं काम करतो. निरोप मिळताच तो पिकअप घेऊन आला. पट्टा लावून त्यानं गाडी ओढून काढली, हातानं बर्फ चोळून काच जरा उघडी केली. मग बॉनेट वर करून वॉशरच्या टाकीत बोट घातलं. बोट ठक्क करून वाजलं. आत दगडासारखा बर्फ.

"आई, तू यात पाणी ओतलंस?"

"मी? पाणी? जानेवारीत?"

"मग काय, आपोआप झालं? परवा चुलीवर सूप विसरलीस. आज हे. उद्या कुणाच्या अंगावर गाडी घालशील."

"सूप लागलं होतं, घर नाही जळलं!"

"तुझ्या या वयात—" तो म्हणाला, आणि हात पुढे केला. "किल्ली दे. गावातल्या वृद्धाश्रमात खोली रिकामी झालीय, मी सांगून ठेवलंय. गाडीशिवाय तू त्या घरात राहणार कशी?"

तिचं घर गावाबाहेर, जंगलाला लागून. गाडी नाही तर दुकान नाही, चर्च नाही, माणूस नाही. किल्ली गेली म्हणजे घर गेलं, हे आम्हा तिघांनाही कळत होतं.

मला तेव्हा जो राग आला तो अजून उतरलेला नाही. तरुण माणसाची काच गोठली तर थंडी वाईट. म्हाताऱ्या माणसाची गोठली तर डोकं वाईट! मी तोंड उघडणार होतो, पण रेजानकडे पाहिलं आणि थबकलो. ओतलं तर नाही ना आपणच, असं ती मनात चाचपून बघत होती. त्या बाईला मी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या शब्दावर शंका घेताना पाहिलं. नोर्माँला मी त्याबद्दल माफ केलेलं नाही.

"घरी चला," ती शेवटी म्हणाली. "किल्लीचं घरी बघू."

घरी पोचल्यावर किल्ली टेबलावर टाकून, कोट न काढता ती स्वयंपाकघरातून तळघरात उतरणाऱ्या जिन्यावर गेली. तिथे पायऱ्यांवर तिचे वॉशरच्या पाण्याचे कॅन मांडलेले असतात. दोन निळे, शिगोशीग भरलेले, बुचंही न फोडलेली.

"बघ! मी ओतलं असतं तर यातलं ओतलं असतं. हे बघ, उणे चाळीस लिहिलंय!" आणि तिसऱ्या पायरीशी येऊन तिचा आवाज बंद पडला. "इथला कॅन कुठाय?"

"कुठला?" नोर्माँनं विचारलं. "तो काळी खूण केलेला? तो मी रविवारी ओतला. तुझी टाकी तळाला गेली होती. तुझ्यासाठीच केलं, आई."

आता हे समजून घ्या. ईस्टरच्या पहाटे, सूर्य उगवायच्या आत, आमच्याकडे वाहतं पाणी आणतात. ते वर्षभर नासत नाही. आजाऱ्याच्या कपाळाला लावतात, वादळ आलं की घरात शिंपडतात. नियम एकच, घरातून निघाल्यापासून परत येईपर्यंत शब्द बोलायचा नाही. रेजानला ते या जन्मी जमणारं नव्हतं. म्हणून तिचा नवरा लेओपोल एकटाच कुऱ्हाड घेऊन ओढ्यावर जायचा, बर्फ फोडायचा आणि पाणी भरून आणायचा. गेल्या ईस्टरला त्यानं ते वॉशरच्या रिकाम्या कॅनमध्ये भरलं, त्याला धरायला कडी असते म्हणून. वर काळ्या शाईनं क्रूस काढला. उन्हाळ्यात लेओपोल गेला.

"ओतलास," रेजान म्हणाली. हळू म्हणाली, मला ते तिच्या ओठांवरूनच कळलं. मग तिचा आवाज असा चढला की बिनयंत्राच्या माझ्या कानांनाही पुरला. चषक आणि पेटी, दोन्ही निघाली. "कालिस! ताबर्नाक! अरे, ते निळं असतं! हे नितळ, बिनरंगाचं, तुला दिसलं नाही?"

"फोनवर होतो गं. एका हातानं ओतत होतो."

"आणि क्रूस? क्रूस नाही दिसला?"

"मला वाटलं अधिकचं चिन्ह आहे. जास्त थंडीचं, म्हणून..."

"थंडी उणे असते, गाढवा! या गावात कधी अधिक पाहिलीस? आणि माझ्या काचेवरचं मीठ कुणाचं? तुझंच! तू मीठ टाकतोस, तूच पाणी गोठवतोस आणि वय माझं काढतोस!"

"आई, पण वॉशरच्या कॅनमध्ये असलं पाणी ठेवतं का कुणी?"

"तुझ्या बापानं ठेवलं! त्याला विचार! जा, विचार त्याला!"

नोर्माँ जिन्याच्या कठड्याला धरून उभा राहिला. "बाबांनी आणलेलं होतं ते?"

"शेवटचं."

मी टेबलाशी बसून पावाचा तुकडा नुसता कुस्करत होतो. नोर्माँनं हातमोजे परत चढवले. मग म्हणाला, "टाकी काढून आणतो. इथे स्वयंपाकघरात वितळवू. वाया नाही जाणार."

"तळाला निळं होतं त्यात. विष आहे ते. ते कपाळाला लावू? तुझ्या लावू?"

"मग काय करू, सांग ना!" तो ओरडला. आईचाच आवाज, आईचाच राग. तोवर मला तो कधी तिच्यासारखा वाटला नव्हता.

रेजाननं कोट काढला. गाडीची किल्ली टेबलावर पडली होती, नोर्माँच्या हाताच्या अंतरावर. तिनं ती उचलली आणि झग्याच्या खिशात टाकली. त्यानं हात पुढे केला नाही. मग ती तशीच बिनकोटाची त्याच्या पिकअपपाशी गेली, मागच्या कचऱ्यातून तो रिकामा कॅन शोधून आणला, आत येऊन त्याच्यापुढे आदळला. क्रूस तसाच होता, जरा पुसट.

"ईस्टरच्या पहाटे हा घेऊन ये. कुऱ्हाड तू उचलायची, गाडी मी चालवणार. आणि दारातून निघाल्यापासून परत येईपर्यंत तुझ्या तोंडातून एक शब्द निघता कामा नये."