सतरा नंबरचं रिकामं टेबल

धर्मराजला खुर्चीवर पाय खाली सोडून बसता येत नाही, हे जालन्याच्या एमआयडीसीतल्या त्या बियाणे कंपनीत सगळ्यांना ठाऊक होतं. इतकं ठाऊक होतं की ते कुणाच्या लक्षातच राहिलं नव्हतं. केदारखेड्याच्या शाळेत तरटपट्टीवर बसून जी मांडी जमली ती जमली. पुढं भोकरदनला बाकं आली, मग कंपनीत चाकाच्या खुर्च्या आल्या. याची मांडी खुर्चीवर चढली आणि चपला तेवढ्या खाली राहिल्या. स्वतःच्या लग्नात, भाड्यानं आणलेल्या लाल मखमली सोफ्यावरसुद्धा हा गडी मांडी घालूनच बसला. फोटोवाला तीनदा म्हणाला, पाय खाली घ्या. यानं घेतले आणि दुसऱ्या मिनिटाला परत वर. शेवटी नंदाबाईच्या मामाला शंका आली की जावयाच्या पायात काही खोट तर नाही, आणि त्यानं मंडपामागं नेऊन नवरदेवाला चार पावलं चालायला लावलं. नंदाबाई अजून ती गोष्ट सांगते, आणि सांगताना चालूनही दाखवते.

तर या माणसाचं काम बीजोत्पादन विभागात, प्लॉटच्या नोंदणीचं. भेंडीच्या बियाण्याचा प्लॉट एकाचा असला आणि शेजारच्यानं बाजारात विकायची भेंडी लावली, तर मधमाशी काही बांध बघत नाही. बियाण्यात भेसळ होते आणि सगळा प्लॉट रद्द. म्हणून दोन्हींत ठरलेलं अंतर सोडावं लागतं. हे अंतर कागदावर सोडायला सोपं, भावकीत अवघड. धर्मराजच्या टेबलावर काच होती आणि काचेखाली गावोगावचे नकाशे. शेतकरी यायचे, काचेवर बोट ठेवायचे, हा माझा गट, ही त्याची विहीर, असं करत हमरीतुमरीवर यायचे आणि चहा होईस्तोवर कुठंतरी जुळायचं. एकतीस वर्षं हे त्या एकाच टेबलावर चाललं होतं. दारातून आत, उजव्या हाताची खिडकी, तिथं धर्मराज. कुणाला वाट विचारावी लागत नसे. गयासोद्दीनभाई नावाचे अंबडकडचे जुने उत्पादक तर दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला असताना एकटे एसटीनं आले, भिंतीला हात लावत बराबर त्या टेबलापाशी पोचले आणि म्हणाले, "खुर्ची द्या, धर्मराजभाई." धर्मराज त्या दिवशी रजेवर होता, ही गोष्ट वेगळी. खुर्चीत ऑफिसची झाडलोट करणारी उषाबाई बसून तांदूळ निवडत होती.

गेल्या वर्षी शेठच्या मनात ऑफिस नवीन करायचं आलं. त्यासाठी पुण्याहून मोनाली नावाची एक सल्लागार मुलगी आली. मुलगी हुशार होती आणि बोलायची गोड. पहिल्याच बैठकीत तिनं सांगितलं की या ऑफिसात चाळीस टेबलं आहेत, पण एका वेळी त्यातली किती वापरात असतात हे कुणी मोजलेलं नाही, आणि मोजल्याशिवाय आपण एक भिंतही हलवणार नाही. धर्मराजनं मान डोलावली. त्याला ते पटलंच. टेप न धरता अंतर सांगणाऱ्या माणसांचा त्याला जन्मभराचा वैताग.

मंग तिनं टेबलांच्या खाली, आतल्या बाजूला, काडेपेटीएवढ्या पांढऱ्या डब्या चिकटवल्या. माणूस बसला की डबीला त्याची ऊब आणि हालचाल कळते, कळलं की संगणकावर त्या टेबलाचा चौकोन हिरवा होतो, माणूस उठला की लाल. पहिले चार आठवडे डब्यांनी नुसतं मोजलं. लोक आधी दबकून बसले, मग विसरले.

पाचव्या आठवड्यात नव्या पद्धतीची चाचणी झाली. कुणाचंच टेबल कुणाचं नाही. सकाळी फोनवरच्या अॅपमध्ये रिकामी जागा बघायची, बोटानं दाबायचं आणि दिवसभर तिथं बसायचं. सोमवारी धर्मराजनं दाबलं, तर अॅपनं पासवर्ड मागितला. पासवर्ड दिला, तर फोनवर आलेला आकडा मागितला. आकडा येईस्तोवर विक्री विभागाच्या पोरांनी खिडकीकडची सगळी टेबलं धरली होती. याला मिळालं पाणी गार करायच्या मशीनशेजारचं, तिथं दर दोन मिनिटांनी कुणीतरी बाटली भरायला येई आणि "काका, जरा" म्हणे. त्या दिवशी भेटायला आलेले तीन शेतकरी खिडकीपाशी गेले, तिथं कानात बोंडं घातलेला एक पोरगा बघितला आणि धर्मराज रिटायर झाला असं समजून परत गेले. एकानं तर संध्याकाळी घरी फोन करून नंदाबाईला विचारलं, कार्यक्रम केला न्हाई का काही?

मंगळवारी गयासोद्दीनभाई आणि त्यांच्या शिवेवरचा रामप्रसाद असे दोघं आले. दोघांत दीड महिन्यापासून भेंडीच्या अंतरावरून वाजलेलं होतं. त्या दिवशी अॅपनं धर्मराजला काचेची एक खोली दिली होती, फोनवर बोलायला केलेली, एका माणसाच्या मापाची. तिच्यात तिघं कसेबसे शिरले. नकाशा मांडायला टेबल नव्हतं, म्हणून तो तिघांच्या गुडघ्यांवर पसरला. रामप्रसाद बऱ्याच वेळानं नरमला. विहिरीकडच्या अंगाला सरकायला तयार झाला आणि नकाशावर बोट ठेवून विचार करत बसला. तिघंही नकाशावर वाकून गप्प. कुणी हललं नाही म्हणून खोलीनं समजून घेतलं की आत कुणीच नाही, आणि दिवा-पंखा दोन्ही बंद केले. तेवढ्यात बाहेरून विक्रीच्या एका साहेबानं काच वाजवली. अर्धा तास संपला, पुढचं बुकिंग त्याचं.

रामप्रसादनं बोट उचललं. म्हणाला, "हे काही खरं न्हाई. सावकाश बघू." आणि गेला. दीड महिन्याचं जुळत आलेलं मोडलं. पुढं धर्मराजला दोन वेळा एसटी धरून त्याच्या गावी जावं लागलं. एकदा तो लग्नाला गेल्ता आणि एकदा झोपला होता.

शनिवारी निकालाची बैठक. पडद्यावर ऑफिसचा नकाशा, त्यात हिरवे-लाल चौकोन. मोनालीनं सांगितलं की चाळीसपैकी सोळा टेबलं काढता येतील, ती जागा बसून बोलायला मोकळी होईल, आणि सगळ्यांत कमी वापर दिसतो तो सतरा नंबरचा. चार आठवड्यांत फक्त सहा टक्के. तेही रोज अकरा ते साडेअकरा, एवढाच वेळ.

सतरा नंबर म्हणजे धर्मराज, आणि अकरा ते साडेअकरा म्हणजे शेठची ऑफिसातून चक्कर. खोलीत कुणीतरी खोकलं. शेठ येतात तेवढाच वेळ हा माणूस जागेवर असतो, असा त्याचा सरळ अर्थ निघत होता, आणि शेठ स्वतः समोर बसले होते. विभागप्रमुख कल्याण, ज्याला धर्मराजनंच नकाशा वाचायला शिकवलं होतं, पेनाचं टोपण काढत-घालत राहिला. त्याच्या हातातल्या कागदावर लिहिलेलं धर्मराजला तिरक्या नजरेनं दिसलं: सतरा नंबर पहिल्या तारखेपासून बंद, संबंधित कर्मचारी गोडाऊनला. गोडाऊन सहा किलोमीटरवर, तिथं शेतकऱ्याला आत सोडत नाहीत.

धर्मराजचे कान गरम झाले. एकतीस वर्षांत याच्यावर कुणी कामचुकार म्हणून बोट ठेवलं नव्हतं, आणि आता ठेवलं ते डबीनं. डबीशी भांडायचं कसं?

उषाबाई चहाचे कप गोळा करत होती. वीस वर्षांपासून त्या ऑफिसची फरशी तिच्या हातची. ती पडद्याकडं बघत, कुणाला विचारल्यासारखं न करता बोलली, "सतरा नंबर खाली मी रोज दोनदा पोचा मारते. भाऊंचे पाय मला कधी आडवे आले न्हाईत. चपला सरकवते आन् पुसते. पाय वरच असतात की यांचे."

कुणाला काही कळलं नाही. मोनालीला कळलं. ती उठली, लॅपटॉप घेऊन थेट खिडकीपाशी गेली, मागून सगळी वरात. "सर, तुम्ही रोज बसता तसे बसा." धर्मराज बसला. मांडी खुर्चीवर, चपला खाली. लॅपटॉपवर सतरा नंबर लाल. "आता पाय खाली सोडा." सोडले. चौकोन हिरवा. परत वर, परत लाल. ऑफिस खदखदून हसलं, शेठही हसले. धर्मराज हसला नाही. शेठ येत तेव्हाच तो अदबीनं पाय खाली घेई, आणि पाय खाली असले की त्याच्या हाताला अक्षर सुचत नाही, म्हणून तेवढा अर्धा तास तो नुसता पेन धरून बसे. म्हणजे यंत्रानं दिवसातला बिनकामाचा तेवढा वेळ टिपला आणि तेवढंच काम म्हणून मांडलं.

उषाबाईनं मग कुणी न विचारता पाय वर घेऊन बसणाऱ्या आणखी काहींची नावं घेतली, हिशेबातले दोघं, प्रयोगशाळेतली शालू, आणि थंडीत खुद्द कल्याणसाहेब. कल्याणनं टोपण लावून पेन खिशात ठेवला.

मोनालीनं सगळ्यांसमोर कबूल केलं की तिची मोजणी कच्ची निघाली, आणि सगळे आपापल्या जुन्या टेबलांवर बसून दोन आठवडे मोजणी परत होईल. इतपत बरं झालं होतं. पण बैठक मोडल्यावर कल्याण धर्मराजला जिन्यापाशी गाठून हळूच म्हणाला, "काका, दोनच आठवडे. पाय खाली ठेवा ना. टेबल वाचंल. मला वरच्यांना आकडा दाखवायचाय."

"वरच्यांना सांग," धर्मराज म्हणाला, "मी एकतीस वर्षं काम करून राह्यलो ते हातानं. पायानं न्हाई."

म्हणाला खरा, पण घरी जाऊन त्यानं नंदाबाईला सांगितलं, आणि नंदाबाई म्हणाली, मंग ठेवा की खाली, पाय झिजायलेत का? सोमवारी त्यानं ठेवले. अकरापर्यंत मुंग्या आल्या. बारापर्यंत त्यानं दोनदा पाय आपटले, समोरच्यानं भूकंप झाल्यासारखं बघितलं. एकला नोंदवहीत केदारखेड्याचा गट अंबडच्या पानावर लिहिला गेला. कैक वर्षांत त्या वहीत खाडाखोड झाली नव्हती. धर्मराजनं त्या चुकीकडं बघितलं, चपला टेबलाखाली ढकलल्या, मांडी घातली आणि मोनालीला हाक मारली.

"बाई, तुमची ती डबी काढा. काढायची नसंल तर राहू द्या. पण एक दिवस तुम्ही स्वतः इथं बसा. माझे पाय मोजू नका. इथं कोण येतंय ते मोजा."

पुण्याची पोरगी, तिला राग यायला हरकत नव्हती. तिनं खुर्ची ओढली आणि बसली. पहिल्या तासात चार माणसं आली, दुसऱ्यात सात. एक म्हातारा फक्त हे बघायला आल्ता की धर्मराज खरंच रिटायर झाला का. एकानं मोनालीलाच नवी नोंदणीबाई समजून आपला गट नंबर सांगितला आणि तिनं तो नकाशात शोधून दिला. तेव्हापासून ती कागद-पेन बाजूला ठेवून काचेवरच वाकली. चारच्या सुमाराला रामप्रसाद आला. दोनदा घरी येऊन गेलात असं कळलं, म्हणून आलो, म्हणाला. तो बोट ठेवून विचार करत बसला, पाव तास बसला. दिवा चालू होता, काच कुणी वाजवली नाही. मग तो विहिरीकडं सरकला आणि सही करून गेला. मोनालीनं घड्याळ बघितलं आणि काहीतरी लिहून घेतलं.

तिचा अहवाल आला तो असा. सोळाऐवजी अकरा टेबलं काढायची. खिडकीचं टेबल काच-नकाशांसकट जागच्या जागी ठेवायचं, मात्र ते कुणा कर्मचाऱ्याच्या नावावर नाही, उत्पादकांच्या नावावर. वर पाटी लागली: उत्पादक भेट, बुकिंग लागत नाही. त्यामुळं अॅपच्या हिशेबी धर्मराजला स्वतःचं टेबल उरलं नाही. रोज सकाळी सव्वानऊला फोन वाजतो आणि कळवतो की आपण अजून जागा निवडलेली नाही, आणि रोज धर्मराज फोनला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं सांगतो की निवडायची न्हाई. कल्याणनं तो निरोप बंद कसा करायचा ते तीन वेळा शिकवलं. तिसऱ्या वेळी धर्मराजनं चुकून कॉन्फरन्स हॉल दिवसभरासाठी धरला आणि शेठची बैठक जिन्यात भरली.

परवा गयासोद्दीनभाई आले. मोतीबिंदू काढलेला, आता डोळे स्वच्छ. त्यांनी पाटी सावकाश वाचली, दोनदा वाचली, आणि समोरच्या खुर्चीत ऐसपैस बसत म्हणाले, "म्हंजी टेबल आमचं झालं. मंग तुम्ही कोण, धर्मराजभाई?"

"गट नंबर सांगा," धर्मराज म्हणाला. "उगा वेळ खाऊ नका."

"असं कसं. आमच्या टेबलावर आलात." गयासोद्दीनभाईंनी मान वळवून उषाबाईला हाक दिली. "बाई, आमच्या पाव्हण्याला चहा आणा. जल्दी आणा, त्यांना वेळ न्हाई."

उषाबाईनं आणला. धर्मराजनं तोंड वाकडं करून घेतला, पिला, आणि वही उघडली.