टांकसाळीची चूक

शिरूरच्या बाजारात तो भिंग घेऊन बसायचा. वेडंवाकडं नाणं दिलं की कड नखानं चाचपून निकाल द्यायचा, "टांकसाळीची चूक असली तर हजारात जातंय, तुमची असली तर भंगारात."

माझी वाकडी चवली त्यानं भिंगाखाली न धरताच परत टाकली. "ठोकलंय कुणीतरी." मग रुमालातून स्वतःचा रुपया काढला. पापडासारखा पातळ, छाप पुसट. "ही अस्सल चूक. लेकीच्या लग्नाला इकणार."

आम्ही दौंडची पोरं रुळावर नाणी ठेवायचो आणि गाडी गेली की असलेच पापड गोळा करायचो. मी विचारलं, "मामा, कधी दौंडला आला होता का?"

"न्हाई. रेल्वेच बघितली न्हाई अजून. पण नाण्यातलं सगळं कळतंय."

"जपून ठेवा," म्हणालो आणि माझं भंगार खिशात घातलं.