मेंढरांनी केलेली कोंडी

जालना-अंबड रस्त्याचं काम चालू होतं तेव्हा मी ठेकेदाराकडे सुपरवायझर होतो. तिथं एक नवी सिस्टीम आली. खांबावरचं मशीन येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांचा वेग मोजायचं आणि दोन किलोमीटर अलीकडच्या बोर्डावर आपोआप सूचना झळकायची. आमच्या इंजिनिअर साहेबांनी पहिल्या दिवशी त्या बोर्डाला हार घातला. नारळ मी फोडला.

आठवड्याभरात एक म्हातारे मेंढपाळ शंभरेक मेंढरं घेऊन मशीनसमोर आले. कडेला गवत बरं होतं, मेंढरं रेंगाळली. मशीनला वाटलं गाड्याच रांगून राहिल्यात. बोर्डावर झळकलं, 'पुढे कोंडी, गावातून वळा.' गाड्या निमूट वळू लागल्या. गावात त्या दिवशी आठवडी बाजार.

मी जालन्याच्या ऑफिसात साहेबांना फोन लावला. "सर, रस्ता मोकळाय. नुसती मेंढरं आहेत."

"स्क्रीनवर कोंडी दिसतेय. तुम्ही कशाला हात लावू नका, मी येतो."

मग मी म्हाताऱ्यांकडे गेलो. "बाबा, जरा जल्दी काढा मेंढरं. हे मशीन त्यांना गाड्या समजून राह्यलंय."

त्यांनी खांबाकडे निरखून पाहिलं. "तुमचे साहेब ह्याचं ऐकतेत?"

"ऐकतात."

"मंग त्यालाच सांगा. मेंढरं माझं ऐकत न्हाईत."

तासाभराने साहेबांचा फोन आला. आवाजात विजय होता. "मी म्हणत होतो ना? भयंकर कोंडी आहे. वीस मिनिटं गाडी जागची हलली नाही."

"सर, तुम्ही कुठं आहात?"

"गावात. बोर्ड बघून वळलो."

मला हसू आवरेना. फोन ठेवला, मोटरसायकल काढली, बोर्डापाशी जाऊन त्याची वायर उपटली आणि हिरवा झेंडा घेऊन स्वतःच रस्त्यात उभा राहिलो. गाड्या सरळ जाऊ लागल्या. एका एसटीच्या ड्रायव्हरने मात्र थांबून विचारलं, "बोर्ड बंद हाय, मंग तुमच्यावर भरोसा कसा ठेवावा?"

साहेब शेवटी पायीच आले. बुटांना चिखल, बाहीला टोमॅटोचा डाग. मी त्यांना मोटरसायकलवर बसवून खांबापाशी नेलं. त्यांनी मेंढरांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मशीन खांबावर आणखी उंच घ्या, मेंढरं दिसणार नाहीत एवढं," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मशीन वर चढलं आणि वायर उपटल्याबद्दल माझ्याकडे लेखी खुलासा मागितला गेला. मी एका ओळीत लिहून दिलं, 'मेंढरं होती.' साहेबांनी त्यावर सही करून तो कागद फाइलला लावला.