सशाभोवतीची चौथी फेरी

माझं आयुष्य याद्यांवर चालतं. शारजाच्या हमरिया फ्री झोनमध्ये एका कंपनीत मी स्टोअर आणि डिस्पॅच सांभाळते. माल किती आला, किती गेला, फरक पडला तर का पडला, हे शोधणं माझं काम. फरक नेहमी सापडतो. कुणीतरी एक खोका दोनदा मोजलेला असतो, बस्स. त्यामुळे या ग्रुपवर लोक लिहितात ते गूढ अनुभव मी चहा पिता पिता वाचते आणि मनातल्या मनात प्रत्येकाचं ऑडिट करते. आता माझ्या अनुभवाचं तुम्ही करा... मला जमलेलं नाही.

गोष्ट मागच्या जानेवारीतली. माझे वडील, अण्णा, व्हिजिट व्हिसावर दोन महिने आमच्याकडे आले होते. वय अठ्ठ्याहत्तर, गाव माण तालुक्यात. तरुणपणी अण्णा आणि त्यांचे मित्र नानाकाका सशाची शिकार करायचे — पायी, कुत्र्याशिवाय, बंदुकीशिवाय. ते बरोबर की चूक हा वेगळा विषय. पद्धत मात्र ऐकण्यासारखी आहे.

ससा झुडपाखाली दबून बसलेला असतो. एकाने त्याच्या समोर लांबवर उभं राहायचं, हातात काठी आणि काठीवर टोपी. हा ‘उभा’. त्याने अजिबात हलायचं नाही, म्हणजे सशाची नजर टोपीवर खिळते. दुसरा ‘फिरता’. त्याने सशाभोवती फेऱ्या मारायच्या, प्रत्येक फेरी आधीपेक्षा आत. वेग बदलायचा नाही, सशाकडे बघायचं नाही, आणि काही झालं तरी थांबायचं नाही. फिरता थांबला की ससा गेला. काठी हलली तरी गेला. दोन्ही नीट जमलं तर चौथ्या फेरीला ससा हाताच्या अंतरावर येतो.

अडतीस वर्षांपूर्वी असाच एक ससा चौथ्या फेरीत निसटला. अण्णा उभे होते, नानाकाका फिरते. अण्णा म्हणाले, तू थांबलास. नानाकाका म्हणाले, तू काठी हलवलीस. त्यावरून जे बोलणं बंद झालं ते झालंच. घरं समोरासमोर, लग्नकार्यात एका पंगतीत जेवणं, पण निरोप मधल्या माणसामार्फत. आम्हा मुलांना ते हसण्यासारखं वाटायचं. पण अण्णा इकडे येण्याआधीच्या पावसाळ्यात नानाकाका पडले, खुब्याचं हाड मोडलं आणि अंथरुणाला खिळले. तेव्हापासून माझ्या यादीत एक ओळ होती — ‘अण्णा–नानाकाका फोन’. अण्णा आल्यावरही सात आठवडे ती मी पुढच्या पानावर उतरवत होते. विषय काढला की अण्णा पेपर उघडायचे. परतीच्या विमानाला आठ दिवस उरले होते, आणि सहा महिन्यांत नानाकाकांनी एक पाऊल टाकलेलं नव्हतं. उशीर होईल याची मला धास्ती होती.

त्या शनिवारी नवरा रुवैसला ड्यूटीवर होता. मी, अण्णा आणि माझी पंधरा वर्षांची मुलगी इरा असे तिघं मलेहाच्या पुढे वाळवंटात गेलो. अण्णांना इथला ससा बघायचा होता. इथे शिकारीला सक्त मनाई आहे, म्हणून यादीत पहिलीच ओळ होती — ‘फक्त बघायचं, हात लावायचा नाही’. अण्णांनी ती वाचून मान डोलावली आणि जुनी टोपी पिशवीत टाकली. गाडीच्या डिकीतली छत्री काठी म्हणून चालणार होती. इरा म्हणाली, “आजोबा, धिस इज सो अनफेअर टु द रॅबिट. यल्ला, चला.”

पहाटे दाट धुकं पडलं होतं. सातला पोचलो तेव्हा ते विरत होतं आणि वाळू वरून ओलसर, पापडासारखी कडक झाली होती. अशा वाळूत ठसे स्वच्छ उमटतात. आदल्या दिवशीच्या वाऱ्याने जुनं सगळं पुसलं होतं — गाड्यांच्या चाकांच्या खुणासुद्धा नाहीत. अण्णा खाली वाकून चालत होते, दोन महिन्यांत पहिल्यांदाच भराभर. पुढे दोन मोठे ठसे, मागे दोन लहान, हे त्यांनी इराला दाखवलं. ससा उडी मारतो तेव्हा मागचे पाय पुढे पडतात म्हणे. इरा फोन खिशात ठेवून ऐकत होती, हेच माझ्यासाठी पुष्कळ होतं.

एका गाफच्या झाडापलीकडे, सुकलेल्या झुडपाखाली, तो बसला होता. वाळूच्याच रंगाचा, कान पाठीला चिकटवलेले. अण्णांनी दाखवला म्हणून दिसला.

अण्णा समोरच्या उंचवट्यावर छत्री आणि टोपी घेऊन उभे राहिले, इरा त्यांच्याशेजारी बसली. फिरती मी. मला फक्त तीन फेऱ्यांची परवानगी होती, कारण चौथी शिकाऱ्याची, असं अण्णांचंच म्हणणं. मी बूट घालून चालत राहिले. पहिली फेरी साधारण चाळीस पावलं लांबून, दुसरी वीस, तिसरी दहा. ऊन नुकतंच पाठीला लागत होतं. सशाकडे बघायचं नाही म्हणून मी क्षितिजाकडे बघत होते, आणि खरं सांगते, कितीतरी वर्षांत पहिल्यांदाच माझ्या डोक्यात एकही यादी नव्हती.

तिसरी फेरी पूर्ण झाली. मी बाहेरच्या बाजूला वळले आणि अण्णांकडे चालू लागले, न थांबता. ससा जागेवरच होता. मी पंधरा-वीस पावलं गेले असेन, तोच अण्णांचा हात वर झाला, टोपी हलली... आणि ससा माझ्या डावीकडून सुसाट गेला.

जवळ पोचले तर अण्णा वाळूत बसले होते. पाणी दिलं, प्यायले. बरं वाटत नाही का, विचारलं. तसं काही नाही, अशी त्यांनी मान हलवली.

“तू बाहेर पडलीस, पण नाना आत चालतच होता,” ते म्हणाले. “मला वाटलं, हा परत थांबणार. म्हणून हाक मारायला गेलो.”

इराने मला बाजूला घेतलं. तिने माझ्याशिवाय कुणाला पाहिलं नव्हतं.

मी जे नेहमी करते तेच केलं. जागेवर जाऊन मोजलं. माझ्या बुटांच्या फेऱ्या तीन. आणि त्यांच्या आत, झुडपापासून चारेक पावलांवर, चौथी. अनवाणी पायांची. आत येणारी पावलं नाहीत, बाहेर जाणारी नाहीत, फक्त गोल. दोन ठिकाणी माझी तिसरी फेरी बरीच आत सरकली होती, तिथे तो पाय माझ्या बुटाच्या ठशावर पडला होता. म्हणजे माझ्यानंतरचा. डाव्या पायाला अंगठा नव्हता.

नानाकाकांचा डावा अंगठा विहिरीच्या कामात दगडाखाली गेला होता. ते मला लहानपणापासून माहीत आहे.

“आई, काउंट अगेन,” इरा म्हणाली. मी पुन्हा मोजलं.

अण्णा छत्री टेकत आले. ती फेरी ते पूर्ण चालले, ठशांच्या कडेकडेने, वाकून. पावलांमधलं अंतर सगळीकडे सारखं होतं. कुठेही दोन पाय जोडून ठेवलेले नव्हते.

“थांबला नाही हा,” अण्णा म्हणाले. मग छत्रीवर भार देऊन सरळ होत, “तेव्हापण थांबला नसंल.”

गाडीत बसल्यावर त्यांनी स्वतः फोन मागितला. तिकडे साडेदहा वाजले होते. मी नानाकाकांच्या सूनबाईंना, सुमनवहिनींना, लावला. मी इतकंच म्हणाले की अण्णांना बोलायचंय. फोन स्पीकरवर होता. नानाकाकांनी ‘हॅलो’सुद्धा म्हटलं नाही, अण्णांना थेट लहानपणीच्या नावाने हाक मारली.

“दिन्या, हलीवलीस न्हवं काठी परत?”

अण्णांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. “हलीवली,” ते म्हणाले. “त्या बारीलाबी मीच हलीवली आसंल.”

“आसंल न्हवं. हलीवलीस.”

पुढचा पाऊण तास दोघं भांडत होते, हसत होते. इरा आणि मी बाहेर बॉनेटवर बसून थर्मासमधला चहा संपवला. नंतर मी वहिनींशी बोलले. वहिनी म्हणाल्या, मामंजी सकाळपासून पाय शेकायला गरम पाणी मागतायत, म्हणतात लई चाललोय.

माझं ऑडिट असं. अडतीस वर्षांचं भांडण, त्यामुळे पहिलं वाक्य काठीचंच येणार, हे समजू शकते. ‘परत’ हा शब्द सवयीने आला असेल. अंथरुणावरच्या माणसाचे पाय दुखतातच. अण्णांना उन्हात भास झाला असेल. हे सगळं मान्य करून टिक करता येतं... पण चौथी फेरी उरते. फोटो माझ्याकडे आहेत, ठसे स्पष्ट आहेत, अंगठा नाही.

अण्णा आता गावी आहेत. रोज सकाळी रस्ता ओलांडून समोरच्या घरी चहाला जातात. पुढच्या हिवाळ्यात नानाला घेऊन येतो, तो उभा राहील, मी फिरतो, असं ठरलंय म्हणे. नानाकाका काठी धरून अंगणापर्यंत येऊ लागलेत.

‘अण्णा–नानाकाका फोन’ या ओळीवर त्याच दिवशी टिक केली. तिच्याखाली लिहिलं होतं, ‘चौथी फेरी — कारण शोधणे’. ती ओळ वर्षभर पुढच्या पानावर उतरवते आहे. हल्ली घाई करत नाही.