कामरगावी दिलेला एक हुंकार

मूर्तिजापूरला मोठ्या गाडीतून उतरून कारंज्याच्या छोट्या गाडीत बसलो, तेव्हा माझ्यापाशी एक वळकटी, एक फिरकीचा तांब्या, तीन कोऱ्या वह्या आणि भरपूर आत्मविश्वास एवढे सामान होते. तांब्या पहिल्याच थांब्यावर गेला. आत्मविश्वास जायला आणखी चार दिवस लागले.

तांब्याची हकीकत थोडक्यात सांगतो. पाणी भरायला खाली उतरलो, तोच गाडी हलली. मी तांब्या नळाखालीच टाकून जिवाच्या आकांताने धावलो आणि तिसऱ्या डब्याची दांडी धरून आत चढलो. आतले शेतकरी शांतपणे माझ्याकडे पाहत होते. एक जण म्हणाला, "सावकाश या जी. हे गाडी कोनाले टाकून जात नाई." पुढच्या थांब्याआधी दोन माणसे चालत्या गाडीतून उतरली, शेतातल्या कोणाशी बोलली आणि परत येऊन बसली. तेव्हा मला माझ्या धावण्याची किंमत कळली.

म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी लिहून घेण्याचा मला छंद आहे. पुण्यात तो सोपा जातो. तिथल्या पेन्शनरांना बोलते करावे लागत नाही, थांबवावे लागते. त्या बळावर मी स्वतःला या विद्येतला जाणकार समजत असे. कारंज्याला माझा एक वर्गमित्र डॉक्टर आहे. त्याने पत्रात लिहिले होते : कामरगावात आबाजी नावाचे सत्तरीच्या पुढचे एक शेतकरी माझ्याकडे औषधाला येतात. छाती पार थकली आहे, पुढचा पावसाळा बघतील असे वाटत नाही. त्यांना एक गोष्ट कोणाला तरी सांगून टाकायची आहे. घरच्यांना सांगवत नाही, गावात सांगायची नाही. ऐकून निघून जाईल असा परका माणूस हवा म्हणतात. तू बरा आहेस.

'तू बरा आहेस' या शब्दांनी मी फुगलो होतो.

कारंज्याहून दमणीने (बसायला आडोसा असलेली हलकी बैलगाडी) निघालो. पौषाचे ऊन कोवळे होते. रस्त्याच्या दोन्ही अंगांना काळी जमीन आणि तिच्यात पऱ्हाटी (कपाशी) फुटून पांढरी झालेली. ओट्यात (कमरेला खोचलेल्या पदरात) कापूस भरलेल्या बायका उभ्या राहून दमणीकडे पाहत आणि पुन्हा वाकत. मधूनच तुरीची शेते, शेंगा भरून वाकलेली. गाडीवाल्याने विचारले, कामरगावात काय काम. मी म्हणालो, म्हाताऱ्या लोकांच्या आठवणी ऐकायच्या आहेत. त्याने जरा विचार केला.

"तुमच्या गावचे म्हातारे सरले का जी?"

पुण्यात माझी एक सख्खी आत्या आहे. तिची एकही आठवण मी लिहून घेतलेली नाही.

आबाजींचे घर धाब्याचे (मातीच्या सपाट छताचे), ओसरी शेणाने सारवलेली. घरात आबाजी, त्यांची बायको सरूमाय, मुलगा पुंजाजी, सून आणि चार वर्षांची नात. आबाजी ओसरीवर अंबाडीच्या वाखाची दोरी वळत बसले होते. मी नमस्कार केला, वही उघडली आणि जन्म कोणत्या साली झाला असे विचारले. त्यांनी माझ्याकडे असे पाहिले, जणू मी त्यांच्या जन्माला हजर होतो आणि आता विसरलो. सरूमायने आतून सांगितले की सासू म्हणायची, ज्या साली टोळ आले त्या साली. मी 'टोळ' असे लिहून घेतले.

मोठ्या गोष्टीआधी त्यांनी लहान गोष्ट काढली, बहुधा माझी परीक्षा म्हणून. एका पांढऱ्या बैलाची होती. दोन वाक्ये बोलले आणि थांबले. मी मान खाली घालून लिहीत होतो. पुन्हा एक वाक्य बोलले आणि थांबले. मी म्हणालो, "पुढे?" आबाजींनी दोरी खाली ठेवली आणि मुलाला विचारले,

"हा मानूस आयकून राह्यला का नकला उतरवून राह्यला?"

मग पुंजाजीने मला बाजूला घेऊन नीट समजावले. इकडे कोणी गोष्ट सांगू लागला की समोरच्याने प्रत्येक वाक्याला हुंकार द्यायचा असतो. हूं म्हटले की त्याचा अर्थ, ऐकले, आणि असेच झाले. हूं देणारा त्या वाक्याचा साक्षीदार होतो. दिलेला हुंकार परत घेता येत नाही. आणि हुंकार आला नाही तर सांगणाऱ्याने पुढे जायचे नसते, तीच गोष्ट दुसऱ्या शब्दांत मांडायची. त्याच्या मते हे लहान पोरांनाही कळते. मी शिकलेला असल्यामुळे मला माहीत नसावे, असेही तो समजुतीने म्हणाला.

दुसरा दिवस मी हुंकार शिकण्यात घालवला. आधी फार दिले. आबाजींचे वाक्य अर्धे असतानाच माझा हूं बाहेर पडे. ते म्हणाले, "बैल अजून जुपला नाई, तुमी कासरा ओढून राह्यले." मग जपून देऊ लागलो, तर ते दर वेळी वाट बघत थांबू लागले. दुपारी मी एकटाच शेताकडे गेलो आणि बांधावर बसलेल्या कावळ्याच्या प्रत्येक काव-कावीला हूं देऊन सराव केला. कापूस वेचणाऱ्या बायकांनी ते पाहिले असावे, कारण दिवेलागणीला पाणवठ्यावर मला बघून दोघींनी एकदम हूं म्हटले. पण तोवर लय सापडली होती. आबाजी खूश दिसले. "उद्या सांगतो," म्हणाले.

उद्या, म्हणजे तिसऱ्या दिवशी, माझ्या सन्मानार्थ रोडगे केले होते. रोडगा म्हणजे गोवऱ्यांच्या आरात भाजलेला कणकेचा जाड गोळा. तो कुस्करून वरण आणि भरपूर तूप घालून खातात, सोबत वांग्याची झणझणीत भाजी. पुण्याच्या माणसाने अर्ध्यावर थांबावे. मी तीन खाल्ले. आग्रह झाला हे खरे, पण तिसरा मी स्वतः मागून घेतला, हेही खरे.

जेवणे झाल्यावर आबाजींनी घरच्या सगळ्यांना शेतात पाठवले. ओसरीवर आम्ही दोघेच उरलो. ऊन पाठीवर येत होते. ते सांगू लागले. आठ वर्षांचे असताना बापाबरोबर पोहरादेवीच्या चैताच्या जत्रेला गेले होते. बापाला बंजाऱ्यांकडून बैल घ्यायचा होता. बरोबर धाकटा भाऊ गोमा, पाच वर्षांचा. बापाने एका झाडाखाली दोघांना उभे केले, गोमाचा हात आबाजींच्या हातात दिला आणि तो बैल पाहायला गेला.

मी हूं देत होतो. लयीत देत होतो. माझ्या आयुष्यातले सर्वांत चांगले हूं मी त्या दुपारी दिले असतील.

डोळे उघडले तेव्हा ऊन सरकले होते आणि आबाजी भिंतीकडे तोंड करून बसले होते. मी विचारले, पुढे? ते म्हणाले, "पुढं काई नाई. झालं." मला वाटले, गोष्ट जरा एकदम संपली. पण खेड्यातल्या गोष्टी अशाच असतात, असे मी स्वतःला सांगितले आणि तुरीच्या उकडलेल्या शेंगा खायला आत गेलो.

त्या संध्याकाळी आबाजी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळीही भाकरी परत पाठवली. दोरी वळायला घेतली नाही. कोणाशी बोलले नाहीत. सरूमाय माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि तिने विचारले, तुम्ही बुढ्याला असे काय म्हणालात. मी म्हणालो, मी फक्त हूं म्हणालो. मग वही आणली. शेवटची ओळ होती, 'बाबा बैल पाहायले गेले, अन्', आणि त्यापुढे शाईची एक रेघ घसरत घसरत पानाच्या काठापर्यंत गेली होती.

ती रेघ सरूमायला वाचता येत नव्हती. मला येत होती.

आता दोन वाटा होत्या. एक, गप्प बसून दुपारची दमणी धरणे. तिचा मी गंभीरपणे विचार केला, हे कबूल करतो. दुसरी वाट धरावी लागली, कारण सरूमाय दारातून हलेना. आबाजींच्या समोर जाऊन बसलो. मागे पुंजाजी आणि सून कडेवर पोर घेऊन उभे. मी सांगितले की काल मी झोपलो होतो. बैल पाहायला गेले यापुढचे काहीच ऐकले नाही.

आबाजींनी मान वळवली.

"मंग हूं कायले म्हनलं?"

"झोपेत म्हणालो."

"मी इचारलं व्हतं, मी पापी हाय का. तुमी हूं म्हनलं."

मी वही मिटली.

"साठ वर्स थांबलो," आबाजी घरच्यांना उद्देशून म्हणाले, "अन् देवानं धाडला कोन, तं हा."

पुंजाजीला हसू आले. ते दाबायला तो खोकला. सरूमायला आले नाही. तिने मला हाताने सरका असे सांगितले. मी सरकलो. ती माझ्या जागेवर बसली आणि पदर डोक्यावर नीट घेतला.

"मले सांगा. मी झोपत नाई."

"तुले सांगायचं नव्हतं म्हनूनच तं याले बलावलं."

"तं आता सांगा."

त्यांनी सांगितले. या वेळी मी जागा होतो. वही मिटलेली होती. ते थांबत, सरूमाय हूं म्हणे, मग ते पुढे जात. जत्रेत एका बंजाऱ्याचा बैल उभा होता. अंगावर कवड्यांची झूल, शिंगांना पितळी टोपणे, कपाळावर आरसा. आठ वर्षांच्या आबाजींना त्याची शिंगे धरून पाहायची होती. ती एका हाताने धरवत नव्हती. दोन्ही हात लागत होते. गोमा हात सोडेना.

"त्यानं नाई सोडला. म्या त्याचे बोटं काढले. येक येक करून."

"हूं," सरूमाय म्हणाली.

मागे वळून पाहिले तर गोमा नव्हता. बाप तीन दिवस शोधत होता. विहिरी पाहिल्या, तांडे पाहिले. पोर सापडले नाही. बापाने विचारले तेव्हा आबाजींनी सांगितले की गोमा हात हिसकून पळाला. तेच घरी आईला सांगितले. आई मरेपर्यंत म्हणत राहिली की गोमा द्वाडच होता. आणि या घरात तेव्हापासून पोर हात सोडून पळू लागले की त्याला म्हणतात, गोमा होशील. आबाजींच्या बहिणीला म्हणाले, पुंजाजीला म्हणाले. परवा सून नातीला म्हणाली. प्रत्येक वेळी आबाजींनी ते ऐकले होते.

सून खाली पाहू लागली.

"म्हंजे म्याच मारलं त्याले," आबाजी म्हणाले आणि थांबले.

सरूमाय काही म्हणाली नाही.

त्यांनी वाट पाहिली. पुन्हा तेच म्हणाले, जरा मोठ्याने. ती त्यांच्या तोंडाकडे पाहत बसली होती, पण हूं देत नव्हती. पुंजाजीने पाय बदलला. नात खाली उतरायला धडपडू लागली. रीत अशी की हुंकार आला नाही तर तेच दुसऱ्या शब्दांत मांडायचे. म्हातारा शोधत राहिला. मी इतका वेळ कोणाला शब्द शोधताना पाहिलेले नाही, आणि माझ्या छंदात ते नेहमी पाहावे लागते.

"मी पोरगा व्हतो," अखेर ते म्हणाले.

"हूं."

"आठ वर्साचा."

"हूं."

"हात म्या सोडला. गोमानं नाई सोडला."

"हूं," सरूमाय म्हणाली. मागून पुंजाजीही म्हणाला. सुनेने सासऱ्यासमोर तोंड उघडले नाही, पण मान हलवली. मी गप्प होतो. त्या ओसरीवर माझ्या हुंकाराला आता भाव उरला नव्हता.

दुपारी आबाजींनी दीड भाकरी खाल्ली. सरूमायने पुढचे दोन दिवस मला अर्ध्याच्या वर रोडगा वाढला नाही.

निघायच्या दिवशी कामरगावचा बाजार होता. दमणी दारात उभी होती. सून नातीला घेऊन बाजाराला निघाली आणि पोर हात हिसडू लागली. सून सवयीने बोलली, "हात नको सोडू, गो—" आणि मधेच थांबली. ओसरीवर आबाजी दोरी वळत होते.

"माह्यं नाव घे ना," ते न बघता म्हणाले. "म्हन, आबाजी होशील."

सून लाजली. सासऱ्याचे नाव ती कशी घेणार? पोरीनेच ते उचलले आणि "आबाजी, आबाजी" असे ओरडत आईला बाजाराकडे ओढून नेले. आबाजींचे हात क्षणभर थांबले, मग वळणे सुरू झाले.

मी पाया पडलो आणि हे छापू का म्हणून विचारले. त्यांनी माझ्या वहीकडे संशयाने पाहिले. माझे नाव टाका, नका टाकू, मला काही नाही, असे म्हणाले. मग एक अट घातली आणि ती माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतली. मी जागा आहे की नाही हे पाहण्यासाठी असावे.

परतीच्या छोट्या गाडीतून मी एकदाही खाली उतरलो नाही. पुण्याला येऊन आठ दिवस झाले. डॉक्टरचे कार्ड आले आहे. छाती तशीच आहे, औषध चालू आहे, म्हातारा मात्र हल्ली दवाखान्यात आला की बायकोला बरोबर आणतो, असे लिहिले आहे. मी इतकी वर्षे लोकांच्या आठवणी जमा करतो, त्यांत मी कोठे कोठे झोपेत हूं म्हणालो असेन याचा हिशेब लावून पाहिला आणि सोडून दिला. ज्यांची उत्तरे त्यात अडकली असतील, ते बहुतेक आता नाहीत.

आबाजींची अट मात्र पाळतो. त्याचे नाव गोमा होते. तो पाच वर्षांचा होता. पोहरादेवीच्या जत्रेत त्याने हात सोडला नव्हता.