माधवची खडूची रेष

दिवाळीची सुट्टी संपून वसतिगृह भरलं, पण माधवची खाट रिकामीच होती. एका सकाळी अकोल्याहून त्याचे थोरले भाऊ आले. मी पाणी दिलं. "माधव गेला रे... तापाचं निमित्त झालं," एवढंच ते म्हणाले आणि त्याची ट्रंक भरू लागले. टेबलावरची पितळेची पट्टी उचलून त्यांनी विचारलं, "हे काय? फेकून देऊ?" मी घाईने म्हणालो, "नका अण्णा. ते काम राहिलं आहे."

ते काम काय, हे सांगून पाहतो. मला नीट लिहिता येतं असं नाही. मोर्शीकडच्या आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. माधव वकिलांचा मुलगा. अमरावतीला प्रयोगशाळेत आमची जोडी लागली. ग्रामोफोनच्या पिकअपमध्ये, म्हणजे सुई बसवतात त्या डोक्यात, एक स्फटिक असतो. त्याला वीज दिली की तो वाकतो, पण इतका किंचित, की डोळ्यांना कळत नाही. सरांनी हे फळ्यावर शिकवलं. माधवला ते बघायचं होतं. त्याने मोडका पिकअप मिळवला आणि समोरच्या भिंतीवर खडूने रेष ओढली. उजेडाचा ठिपका तिथवर सरकला पाहिजे. "मागच्या बाकावरच्यालेही दिसलं पाहिजे," तो म्हणाला.

आम्ही पितळेच्या पट्टीला भोक पाडलं, ती फिरावी म्हणून भोकात खिळा घातला, टोकाला आरसा लावून त्यावर दिव्याचा झोत सोडला. स्फटिक पट्टी ढकलणार, आरसा वळणार, ठिपका सरकणार... ठिपका जागचा हलला नाही. खिळा भोकात जरासा सैल होता आणि स्फटिकाची सगळी हालचाल त्या सैलपणातच संपत होती. आम्ही नुसते खिळे बदलत राहिलो.

एकदा खानावळीत काकू सांडशीने पातेलं उतरवत होत्या. सांडशीचा खिळा ढिला. पातेलं डुगडुगलं, वरण सांडलं. काकूंनी सांडशी आपटली आणि निखारे सारायला चिमटा घेतला. माधवचा घास हातातच राहिला.

"अबे, चिमट्याले खिळा कुठं आहे?"

"नसतोच. एकच पट्टी वाकवलेली असते."

"मग ते हलते कशी?"

"वाकते म्हणून."

"अन् तू हे मले आज सांगून राहिला?"

काकू ओरडल्या, "आंधी भाकर खाय, मंग लाव चिमट्याचं लगन!"

खिळा गेला. नवी पट्टी एका जागी कानशीने घासून आम्ही तिला बारीक गळा केला. ती तिथेच वाकायची, सैलपणाला जागाच नव्हती. ठिपका हलला, रेषेपर्यंतच्या निम्म्या अंतरावर गेला. माधव आनंदाने बाकावर चढला. "गळा अजून घासू. दिवाळीहून येऊ दे मले."

आता मी एकटाच घासतो. गळा जाड राहिला तर आरसा पुरेसा वळत नाही. फार बारीक केला तर व्हरांड्यातून कुणी चाललं तरी ठिपका थरथरतो. काही पट्ट्या तुटल्या. परवा ठिपका रेषेपासून चार बोटांवर येऊन थांबला. सर मायेने म्हणाले, "रेष थोडी अलीकडे ओढ. स्नेहसंमेलनात प्रयोग मांडू, माधवचं नाव लावू."

सरांपुढे मी कधी मान वर केलेली नाही. पण म्हणालो, "नाही सर... रेष माधवची आहे."

सर प्रयोगशाळेची किल्ली माझ्या बाकावर ठेवून निघून गेले. मी नवी पट्टी शिकंज्यात अडकवली आणि माधवची कानस हातात घेतली.